धावपट्टी पाचशे मीटर वाढते, म्हणजे नेमकं काय काय वाढतं?

कोल्हापूरची धावपट्टी लांबणार, पुण्याची लांबणार, अशी बातमी आली की मुंबईत राहणारा कोल्हापूरकर आणि पुणेकर एकच प्रश्न विचारतो: पाचशे मीटर डांबर टाकायला इतकी वर्षं? प्रश्न रास्त आहे. निव्वळ डांबराचं काम खरंच काही महिन्यांत उरकतं. बाकीची वर्षं जातात ती डांबराच्या पुढे सोडायच्या मोकळ्या जमिनीत, तिच्यावरच्या आकाशात आणि मंत्रालयातल्या फायलींत. पंधरा डब्यांच्या लोकलसाठी प्लॅटफॉर्म लांबवताना आपण पाहिले आहेत. शेवटचा डबा जिथे उभा राहतो तिथे ते काम संपतं. धावपट्टीच्या टोकाला पोचलं की काम जेमतेम निम्म्यावर आलेलं असतं.

पण आधी मुळात लांबी लागते कशाला, ते पाहू.

एटीआर-७२ हे सत्तरेक प्रवाशांचं पंख्याचं विमान समुद्रसपाटीला, बेताच्या हवेत साधारण १,३०० मीटरमध्ये उडतं. एअरबस ए-३२० पूर्ण वजनाने निघाली तर दोन हजार मीटरच्या पुढे मागते. कोल्हापूरला उजळाईवाडीची धावपट्टी बराच काळ १,३७० मीटर होती, म्हणून तिथे छोट्या विमानांपलीकडे काही येत नव्हतं. विस्तारासाठी ठरलेला २,३०० मीटर हा आकडा कोल्हापुरात घरोघरी झाला तो एवढ्यासाठीच.

आता गंमत अशी, की रोजच्या उड्डाणाला ही सगळी लांबी लागतच नाही. खिडकीतून पाहिलंत तर बहुतेक वेळा बरीच पट्टी शिल्लक असतानाच चाकं सुटतात. उरलेली लांबी वाईट दिवसासाठी राखलेली असते. प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक एक वेग काढून ठेवतो, त्याला व्ही-वन म्हणतात. या वेगाच्या आत एखादं इंजिन गेलं तर ब्रेक लावून उरलेल्या पट्टीत थांबता आलं पाहिजे. वेग ओलांडल्यावर गेलं तर थांबायचं नाही. उरलेल्या एका इंजिनावर उडायचं आणि उड्डाणासाठी जाहीर केलेलं अंतर संपेपर्यंत किमान ३५ फूट वर असायचं. या दोन्ही शक्यता एकाच लांबीत बसवाव्या लागतात. उतरण्याचंही तसंच. जेट विमान कोरड्या पट्टीवर उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबू शकेल असा हिशेब निघण्यापूर्वी जमवावा लागतो, आणि पट्टी ओली असेल तर त्यावर आणखी १५ टक्के धरावे लागतात. जुलैतल्या कोकणात किंवा मुंबईत हे १५ टक्के म्हणजे रोजचाच खर्च.

दुसरी गोष्ट हवेची. हवा तापली की विरळ होते, उंचीवरही विरळ होते, आणि विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, यासाठी ठोकताळे देते: दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के लांबी वाढवा, त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा दर अंश जास्त उष्णतेला १ टक्का वाढवा, आणि पट्टीला १ टक्का उतार असेल तर १० टक्के. हे घाटावर लावून पाहा. कोल्हापूर आणि पुणे दोन्ही सुमारे ६०० मीटरवर. समजा एखाद्या विमानाला समुद्रसपाटीला, १५ अंशांत २,००० मीटर लागतात. उंचीचे १४ टक्के धरून झाले २,२८०. सहाशे मीटरवर प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास असतं. उन्हाळ्याच्या दुपारी ३७ अंश धरले तर फरक २६ अंशांचा. म्हणजे आणखी २६ टक्के, एकूण २,८७० मीटरच्या घरात. विमान तेच, माणसं तितकीच, सामानही तेवढंच, तरी साडेआठशे मीटर जास्त. दुरुस्ती ३५ टक्क्यांच्या वर गेली की आयकाओ स्वतःच सांगते, ठोकताळ्यावर विसंबू नका, वेगळा अभ्यास करा. आपल्या पठारावर ती वेळ सहज येते.

लांबी नसेल तर विमान उडत नाही असं नाही, ते हलकं होऊन उडतं. याला धंद्यात लोड पेनल्टी म्हणतात: काही जागा रिकाम्या सोडा, नाहीतर इंधन कमी भरा. पुण्याच्या लोहगाव विमानतळाची पट्टी अडीच हजार मीटरच्या किंचित वर आहे. मुंबई-पुण्यापुरतं ते पुष्कळ. पण युरोपला थेट जाणारं भरलेलं मोठं विमान तिथून उचलायचं म्हटलं की हिशेब फिसकटतो. पुण्याची लांबी वाढवा म्हणून जी ओरड आहे ती याच कारणाने. शिवाय तो विमानतळ मुळात हवाई दलाचा, त्यामुळे फायलीला आणखी एक दार.

मुंबईत याचा एक जुना दाखला आहे. जुहूची धावपट्टी आणि सांताक्रूझची मुख्य धावपट्टी यांची दिशा जवळपास सारखी आणि अंतर थोडं. १९५३ साली बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. १९७२ साली जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ने तेच केलं. जुहूची पट्टी ११०० मीटरच्या थोडी वर. डीसी-८ टोकावरून बाहेर गेलं, सुदैवाने कोणी दगावलं नाही. कॉमेट मात्र शाबूत थांबलं आणि काही दिवसांनी तिथूनच उडवून सांताक्रूझला नेलं. जायचं होतं चार-दोन किलोमीटर, त्यामुळे टाक्या भरायचं कारण नव्हतं. लांबी आणि वजन यांचा सौदा कसा असतो ते यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही.

टोकाच्या पुढची जमीन

डांबर संपलं की पुढे ६० मीटर सपाट पट्टा सोडावा लागतो. मोठ्या, उपकरणांच्या मदतीने उतरायच्या धावपट्टीला मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंनाही १४०-१४० मीटर मोकळी जागा लागते. म्हणजे ४५ मीटर रुंद पट्टीसाठी २८० मीटर रुंदीची जमीन. पाचशे मीटर लांबीला ती होते १४ हेक्टर, पस्तीस एकरांच्या आसपास. त्यातलं डांबर जेमतेम साडेपाच एकर. बातमीत ‘एवढ्याशा धावपट्टीसाठी एवढी शेतं’ असं जे वाटतं, त्याचं गणित हे आहे.

या साठ मीटरनंतर येतो रेसा, म्हणजे विमान टोकावरून निसटलं तर त्याला मोडतोड कमी होत थांबता यावं म्हणून राखलेला सुरक्षा पट्टा. आयकाओच्या नियमात तो किमान ९० मीटर आहे, शिफारस २४० मीटरची. हा आकडा कागदावर कोरडा दिसतो. २२ मे २०१० ला मंगळुरूला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पट्टीवर फार पुढे टेकलं, थांबलं नाही आणि डोंगरमाथ्यावरच्या त्या विमानतळाच्या टोकावरून दरीत गेलं. १५८ माणसं गेली. धावपट्टी २,४५० मीटर होती, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक विमानतळांहून लांब. जाता जाता विमानाचा पंख आयएलएसच्या, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला रेडिओ लहरींनी वाट दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, अँटेनाच्या काँक्रीटच्या बांधकामावर आदळला. टोकापुढे जे काही उभं करायचं ते धक्का लागताच मोडून पडेल असं हवं, हा नियम किती खरा आहे ते तिथे दिसलं. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला, पावसात, पुन्हा तसंच. २१ जण गेले.

कोझिकोडची पुढची कथा मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलकी वाटते. २०२२ मध्ये तिथे रेसा वाढवण्यासाठी धावपट्टीच कापून आखूड करायचा प्रस्ताव आला. विमानं मोठी यावीत म्हणून इतर गावं लांबी मागतायत, आणि इथे सुरक्षेसाठी लांबी कमी करायची! आखाती देशांत जाणाऱ्या लोकांच्या जिल्ह्यात यावर काय उसळलं असेल त्याची कल्पना करा. शेवटी राज्य सरकारने जमीन घेऊन द्यायचं ठरलं. पण डोंगराच्या टोकाला जमीन म्हणजे नुसता सातबारा नाही, खालपासून भराव.

२०१९ च्या जुलैच्या पहिल्याच रात्री मुंबईत मुसळधार पावसात एक बोइंग ७३७ मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन मऊ मातीत रुतलं. पुढे पट्टा होता म्हणून सगळे प्रवासी चालत उतरले. विमान ओढून काढेपर्यंत मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि सगळा भार दुसऱ्या पट्टीवर आला. वर्तमानपत्रांनी उशिराच्या विमानांबद्दल रकाने भरले. रिकाम्या पट्ट्याने काय वाचवलं, यावर फारसं कोणी लिहिलं नाही.

एका धावपट्टीच्या चार लांब्या

उद्घाटनाच्या फलकावर एकच आकडा असतो. वैमानिकापुढे प्रत्येक दिशेला चार असतात, म्हणजे एका पट्टीचे आठ. टोरा म्हणजे उड्डाणासाठी धावायला मिळणारी लांबी. टोडा म्हणजे त्यात पुढचा अडथळ्याविना मोकळा पट्टा धरून. आस्डा म्हणजे वेग घेऊन, बेत रद्द करून थांबायला मिळणारी. आणि एलडीए, उतरायला मिळणारी.

समजा २,३०० मीटरची पट्टी तयार झाली. पूर्वेला एक टेकडी आहे, तिच्यावरून विमान सुरक्षित यावं म्हणून टेकायची सुरुवातीची रेषा ३०० मीटर आत सरकवली. डांबरावर पांढरे बाण काढलेले दिसतात ते याचंच लक्षण. पश्चिमेला जमीन मिळाली नाही म्हणून रेसा १५० मीटर कमी पडतो, तो पट्टीतूनच कापून दाखवला. आता पूर्वेकडून उतरणाऱ्या विमानाला एलडीए मिळाली २,३०० वजा ३०० वजा १५०, म्हणजे १,८५०. डांबर २,३०० मीटर आहेच, त्यावर पैसेही तेवढे खर्च झालेत, आणि ए-३२० वाल्या कंपनीचा माणूस पावसाळ्यातला हिशेब करून मान हलवतो. कित्येक ठिकाणी धावपट्टी वाढूनही मोठं विमान येत नाही, त्यामागे हे असतं. सभेत लांबीचे आकडे देणाऱ्यांना कोणी हा प्रश्न विचारताना मी ऐकलेलं नाही.

फनेल झोन

विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपर, सांताक्रूझ इथल्या सोसायट्यांना हे दोन शब्द समजावून सांगायची गरज नाही. इमारत पडायला आली आहे, बिल्डर म्हणतो उंचीची एनओसी मिळत नाही, पुनर्विकास परवडत नाही. विमान येण्याजाण्याच्या वाटेखाली आकाशात एक कलती पातळी आखलेली असते आणि तिच्या वर काहीही घुसू द्यायचं नसतं. नियम असा: टेकायच्या रेषेच्या ६० मीटर आधीपासून ही पातळी सुरू होते आणि मोठ्या धावपट्टीला पहिले तीन किलोमीटर दर ५० मीटरला १ मीटर या चढाने वर जाते. बाजूंनाही अशाच पातळ्या असतात, त्या जास्त तीव्र.

आता पट्टी ५०० मीटर गावाकडे वाढली की ही सगळी पातळी ५०० मीटर गावाकडे सरकते. जुन्या टोकापासून १,५६० मीटरवरचं एक घर घ्या. आधी तिथे ३० मीटर उंची चालत होती, म्हणजे नऊ-दहा मजले. विस्तारानंतर २० मीटर, सहा मजले. जुन्या टोकापासून ५६० मीटरवरचं दुमजली घर आधी नियमात बसत होतं, तिथे १० मीटर चालायचे. आता परवानगी शून्य. या घराची जमीन कोणी संपादित केली नसली, कुंपण त्याच्या अलीकडेच संपलं असलं, तरी ते अडथळाच. आणि फक्त घरं नाहीत: पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, उच्च दाबाची वीजवाहिनी, साखर कारखान्याची चिमणी, नारळाच्या बागा. वीजवाहिनी वळवायची तर तिचा वेगळा खर्च, वेगळी मंजुरी, वेगळे खांब आणि त्या खांबांना विरोध करणारे वेगळे शेतकरी.

माझ्या मते विस्ताराच्या चर्चेत गावकऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. ज्यांची जमीन जाते त्यांना २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला, पुनर्वसन, निदान भांडायला आधार तरी आहे. ज्यांचं फक्त आकाश जातं त्यांच्या हातात बहुधा उंचीचा नकाशा पडतो, तोही घर बांधायला निघाल्यावर.

खुद्द मुंबईच्या विमानतळाला हा प्रश्न सुटण्यासारखा राहिलेला नाही. मुख्य पट्टी साधारण ३,४५० मीटर, दुसरी सुमारे २,९००, दोन्ही एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पश्चिमेला द्रुतगती महामार्ग, बाकी चहूबाजूंना वस्ती, आणि खालून मिठी नदी. विमानतळ वाढताना मिठीला वळवण्यात आलं, धावपट्टीखालून ती बंदिस्त जाते आणि आसपास काटकोनात वळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला तेव्हा या वळणांची चर्चा घराघरात झाली. विस्तारात पाण्याचा विषय म्हणूनच दुय्यम धरता येत नाही. धावपट्टी हा लांबच लांब बांध असतो. त्याला आडव्या जाणाऱ्या ओढ्याला वाट ठेवली नाही तर तो वरच्या अंगाच्या शेतात थांबतो.

जागा नाही म्हणून नवी मुंबई. तिथे ३,७०० मीटरच्या दोन समांतर पट्ट्यांचा आराखडा, त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदी वळवली, दहा गावं उठली. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली.

डांबर, आणि ते चालू विमानतळावर

बांधकामाबद्दल थोडक्यात, कारण ते तुलनेने सरळ आहे. चढउतारावर बंधन असतं, मोठ्या पट्टीचा सरासरी उतार १ टक्क्याच्या आत, दोन्ही टोकांकडच्या पाव भागात ०.८ च्या आत. म्हणून जमीन खाली जात असली की भराव वाढतो. घाटावर काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. ती काढून मुरूम-खडीचे थर दाबत यावं लागतं. किनाऱ्याला चिकणगाळ, तो वर्षानुवर्षं दबत राहतो, आणि नवा तुकडा जुन्यापेक्षा दोन बोटं जरी खाली बसला तरी सांध्यावर पाणी साचतं. शिवाय फक्त नवा तुकडा मजबूत करून भागत नाही. एटीआरसाठी बांधलेल्या जुन्या पट्टीवर ए-३२० उतरवायची तर तिच्यावरही जाड थर चढवावा लागतो.

हे सगळं विमानं चालू असताना. पट्टीच्या जवळ खोदायचं तर ती बंद हवी, म्हणजे रात्र किंवा ठरवून घेतलेले तास. मुंबईत पावसाळ्याआधी आणि नंतर दोन्ही पट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवून डागडुजी करतात. त्या एका दिवसाची तयारी विमान कंपन्या महिनोन्‌महिने आधीपासून करतात. लहान विमानतळाला निदान रात्र मोकळी मिळते.

पट्टी सरकली की तिच्याबरोबर उपकरणंही हलतात. दिशा दाखवणारी आयएलएसची अँटेना पलीकडच्या टोकाच्या पुढे असते, उताराची अँटेना टेकायच्या जागेजवळ, उताराचे लाल-पांढरे दिवे तिथेच, आणि टोकाआधी जवळजवळ ९०० मीटरपर्यंत दिव्यांची रांग. ती रांग कुंपणाबाहेर गेली तर पुन्हा जमीन. मग विशेष विमानाने सगळं उडून तपासतात, डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, विमानतळाच्या परवान्यात बदल करते, आणि नवे नकाशे लागू होतात ते जगभर ठरलेल्या, दर २८ दिवसांनी येणाऱ्या तारखेलाच. ती हुकली की पुढची. पट्टी झाडून-पुसून तयार आणि विमानं मात्र जुन्याच लांबीवर, असं काही आठवडे दिसलं तर त्यामागे हेही असू शकतं.

एवढं झालं तरी कोल्हापूर-मुंबई मोठं विमान सुरू होईल का, ते मुंबईवर अवलंबून. इथे गर्दीच्या तासाला चढ-उतार मिळून ४४ ते ४६ जागाच असतात, आणि सत्तर जणांचं एटीआर काय, एकशे ऐंशींचं ए-३२० काय, जागा एकच खातं. म्हणून मुंबईची जागा छोट्या विमानाला द्यायला कंपन्या नाखूश असतात. गावाकडची पट्टी लांबली की तीच जागा अडीचपट माणसं आणते. विस्तारासाठी विमान कंपन्या आतून जोर लावतात त्यात हा हिशेब मोठा आहे.

आपल्या विमानतळाचं खरं काय ते पाहायचं असेल तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर एआयपी, म्हणजे विमानतळांची अधिकृत माहिती-पुस्तिका, उघडा, आपलं गाव शोधा आणि जाहीर अंतरांचा तक्ता काढा. प्रत्येक दिशेपुढे चार आकडे असतील. शेवटच्या रकान्यात एलडीए.